कॉफी कशापायी प्यालात?

नर झाडाच्या फुलांचा कोष तडकला की खजुरीला दम निघत नाही. आतला पांढरा तुरा काढायचा, सावलीत वाळवायचा, त्याच्या काड्या सोडवायच्या. मग मादीचा कोष उघडला की वर चढून त्या काड्या तिच्या तुऱ्यात उलट्या खोचायच्या आणि पातीनं बांधून टाकायच्या. चार-सहा दिवस हुकले की संपलं. झाडाला घड लागतो, पण फळात बी नाही, गोडी नाही. गाढवं खातात ते.

आमच्या उम्म तूत गावात हे काम आमच्या घराचं. सासरे करायचे, नवरा करायचा, तो वरून पडूनच गेला. आता माझा दाखिल करतो. कमरेला दोराचा पट्टा, हातात कोयती, पाठीवर काड्यांचं पोतं. अनवाणी चढतो. त्याच्या तळव्यांची कातडी इतकी जाड की त्याच्या लहानपणी काटा काढताना माझी सुई मोडली होती.

गावाच्या मधून कालवा जातो, कालव्यावर पूल आहे. अलीकडं शिया जास्त, पलीकडं सुन्नी जास्त, हे खरं. पण टोळी एक, कबरस्तान एक, चहाची टपरी एक. नमाजाला कुणी हात बांधायचा, कुणी मोकळे सोडायचा. माझा नवरा म्हणायचा, "हात कुठं आहेत ते देव बघेल. मला पायांची काळजी." पोरी इकडच्या तिकडं द्यायच्या, तिकडच्या इकडं आणायच्या. माझी सून नजात पलीकडची, खलफची लेक. तिला सातवा महिना लागला होता.

अमेरिकन आले आणि त्यांचे कॅप्टन यायला लागले. एक जायचा, दुसरा यायचा, पण प्रश्न तेच. गावाच्या वतीनं बोलणार कोण? आणि तुमच्यात शिया किती, सुन्नी किती? आता काय सांगायचं कपाळ! आम्ही मेंढ्या मोजल्या होत्या, झाडं मोजली होती. माणसं अशी मोजायची असतात हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

जुना शेख वारला होता, त्याची जागा रिकामी होती. प्रश्न विचारणारा आला म्हटल्यावर उत्तरं द्यायला दोघं उगवले. अलीकडं हाजी मिजबिल. हा रेशनचं पीठ वाटायचा आणि मापात मारायचा. पलीकडं अबू सरमद. जुन्या फौजेतला हवालदार, नंतर टायरचं दुकान. दोघं एकाच टपरीवर डोमिनो खेळत म्हातारे व्हायला आलेले. पण शेख व्हायचं तर पाठीशी कळप लागतो. मग एकानं शियांचा कळप केला, दुसऱ्यानं सुन्नींचा. सामऱ्याच्या शिया दर्ग्याचा घुमट कुणी तरी उडवला आणि या दोघांची चांदी झाली. ज्या अबू सरमदनं जुम्म्याला कधी मशिदीचं तोंड पाहिलं नव्हतं, त्यानं दाढी सोडली. मिजबिलनं छपरावर भोंगा लावला आणि पहाटेपासून इमामांच्या शोकाची रडगाणी सुरू केली. कालव्यात एक प्रेत आलं, ते तिकडच्याचं होतं. मग आणखी एक आलं, ते आमच्यातल्याचं होतं. कॅप्टननं काय केलं? दोघांनाही बंदुका दिल्या आणि पुलाचं एकेक टोक वाटून दिलं. म्हणे आता समतोल झाला. अहो, चोरांना अर्धी अर्धी किल्ली दिली आणि म्हणे समतोल!

तर त्या वसंतात अलीकडच्या बागा बांधून झाल्या होत्या आणि पलीकडच्या उघड्या पडल्या होत्या. मिजबिलनं फर्मान काढलं होतं की आपला माणूस पलीकडं झाडावर चढणार नाही. पलीकडं अबू सरमदनं काढलं होतं की त्यांचा माणूस आपल्या झाडाला हात लावणार नाही. फर्मानं जुळ्या भावासारखी.

दाखिल सकाळी पोतं भरायला बसला. मी विचारलं, "कुठं निघालास?"

"मामांच्या बागेत." खलफला तो मामा म्हणतो. "कोष उघडलेत. काल या काठावरून पाहिलं मी."

"डोकं फिरलंय का तुझं? पुलावर कोण बसलंय ते दिसत नाही?"

"दिसतंय. पलीकडच्याच एका घरचा पोरगा बसलाय, गेल्या वर्षी मीच त्याच्या आजीची झाडं बांधली." त्यानं डब्यात तुऱ्याची वाळलेली पूड भरली, झाकण दाबलं. उंच झाडांना ती पूड कापडाच्या पुरचुंडीतून मारतात. "आई, झाडाला कुणी सांगायचं, थांब म्हणून? तू सांगतेस?"

नजात दारात उभी होती. बापाच्या बागेचा विषय, त्यामुळे ती बोलेना. जाऊ नका म्हणावं तर बापाचं वर्ष बुडतं, जा म्हणावं तर नवरा पुलावर जातो. तिनं नुसती भाकर फडक्यात बांधून दिली.

"सांजेपर्यंत येतो," दाखिल म्हणाला आणि गेला.

दुपार कलली तसा पलीकडच्या काठावरून खलफ ओरडायला लागला. मी कोयत्यानं सुकल्या फांद्या तोडत होते. धावत पाण्याशी गेले. तो म्हातारा तिकडं गुडघाभर चिखलात उभा, हात हलवतोय.

"दाखिलच्या आई! धरलं गं त्याला! पुलावरच धरलं!"

"कुणी?"

"सगळ्यांनीच!"

काय झालं ते त्यानं तिथूनच ओरडून सांगितलं, मधल्या पाण्यावरून, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं. पुलावर नेमका कॅप्टन आला होता. शिपायांनी पोतं उलटं केलं, डबा उघडला. पांढरी पूड बघितली आणि बंदुका रोखल्या. पोराला पालथं झोपवलं. बारूद हुंगायचं कुत्रं आणलं, त्या कुत्र्याला शिंका आल्या. त्यावर शिपाई हसले, कॅप्टनही हसला. सोडणारच होते. तेवढ्यात अबू सरमद पुढं झाला आणि दुभाष्याला म्हणाला, हा मिजबिलचा माणूस आहे, झाडावर चढून आमची घरं टेहळतो. कॅप्टननं घड्याळ पाहिलं. म्हणाला, हा तुमचा गावातला मामला, तुमचं तुम्ही बघा. आणि गाड्या घेऊन निघून गेला.

आमच्या बागेतून रणगाडा नेताना नाही म्हणाला तो, की हा तुमचा मामला. आमचं पोर मात्र आमचा मामला!

मी चिखलाच्या पायांनीच मिजबिलकडं गेले. त्यानं मला ओसरीत बसवून ठेवलं. आत चहाचे पेले वाजत होते, हसणं ऐकू येत होतं. त्याची सून दोनदा येऊन माझ्या पायांकडं आणि सतरंजीकडं बघून गेली. मी पाय आखडून बसले. काही मागायचं असलं की माणूस पायसुद्धा आखडतं.

शेवटी बाहेर आला. "मी सांगितलं नव्हतं? माझं फर्मान मोडून गेला तो."

"गेला. तरुण रक्त आहे. तू मोठा आहेस, हाजी. माणसं घेऊन जा. कॉफी खाली ठेव."

आमच्यात असं आहे. काही मागायला जायचं तर गावचे चार मोठे बाप्ये घेऊन समोरच्याच्या बैठकीत जायचं. तो कडू कॉफीचा घोटभर पेला पुढं करतो. मागायला आलेल्यांमधला मोठा माणूस पेला घेतो, पण पीत नाही, समोर भुईवर ठेवतो. काय मागणं आहे ते मोठ्यानं बोलतो. यजमान म्हणाला, "दिलं, प्या," की मगच प्यायची. आणि एकदा प्यायली की मागणं दिलं गेलं, मग आभाळ फाटलं तरी. असल्या पेल्यावर आमच्याकडं खून माफ झालेत.

मिजबिलनं जपाच्या तस्बीहचे मणी ओढले. "बघतो," म्हणाला. मग जरा विचार करून म्हणाला, "उद्याच जाऊ." इतक्या लवकर कबूल झाला म्हणून मी त्याचा हात धरून डोळ्याला लावला. थू!

दुसऱ्या दिवशी ते अबू सरमदच्या बैठकीत गेले. मिजबिल, त्याचे दोन भाऊ आणि म्हातारा शनान, गावातला सगळ्यांत वयस्कर. तिकडून खलफही येऊन बसला, जावयासाठी. बायका बैठकीत जात नाहीत. मी बाहेर खिडकीखाली भिंतीला टेकून बसले. आतलं सगळं ऐकू येत होतं, टाचा उंचावल्या की दिसतही होतं.

पेला आला. मिजबिलनं भुईवर ठेवला. आता मागणं बोलायचं होतं.

"हाजी, कॉफी निवतेय," अबू सरमद म्हणाला.

"आम्ही कशाला आलोय ते तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे."

शनान खाकरला. "अरे, मागणं बोला की मोठ्यानं. रीत आहे ती."

मिजबिलनं खिडकीकडं मान वळवली. "बाहेर आई बसलीय, शनानबाबा. पोराचं काय काय झालं असेल, ते तिच्या कानावर कशाला घालायचं?"

सगळ्यांनी माना हलवल्या. खलफनंसुद्धा हलवली. कुणाच्या दुःखाची उजळणी करू नये हीसुद्धा आमची रीतच. एका रीतीची आण घालून दुसरी रीत मोडली, आणि शहाणे म्हणवणारे बाप्ये माना डोलावत बसले.

"दिलं," अबू सरमद म्हणाला. "प्या."

प्यायले. मी तिथंच भुईला कपाळ टेकलं. घरी येऊन नजातला मिठी मारली. म्हटलं, "सुटला गं तुझा नवरा. कॉफी झाली." ती पोटावर हात ठेवून रडली आणि मग लगेच पीठ मळायला बसली. म्हणाली, उपाशी येतील ते.

तो आला नाही. सकाळी मिजबिलचा पुतण्या आला. दारातूनच म्हणाला, "हाजींनी सांगितलंय, तुमच्या सुनेला तयार ठेवा. उद्या दुपारच्या नमाजानंतर पुलावर. कपड्यांचं बोचकं तेवढं घ्या, बाकी नको."

"माझ्या सुनेचं काय काम पुलावर?"

"हाजींना विचारा," म्हणाला आणि सटकला.

या वेळी मी ओसरीत थांबले नाही. सरळ आत घुसले. मिजबिल अंडी खात होता.

"काल कॉफी कशापायी प्यालात?"

"बस, दाखिलच्या आई."

"बसत नाही. कशापायी प्यालात?"

त्यानं भाकरीला बोटं पुसली. "शांततेसाठी. हा काठ आपला, तो काठ त्यांचा. ज्याचं माणूस त्याच्याकडं. इकडची त्यांची दोन घरं तिकडं जातील, तिकडची आपली दोन घरं इकडं येतील. पुलाच्या पहाऱ्याचा ठेका दोघांत. कॅप्टनला पसंत आहे, उद्या स्वतः येतोय. तुझा पोरगाही सुटतोय त्यात. आणखी काय हवं तुला?"

"आणि नजात?"

"ती त्यांची आहे."

"ती माझी सून आहे! काय बकरी आहे का, चुकून कळपात आली म्हणून परत हाकलायला?"

"आवाज खाली ठेव. मुलाचं मी बोलून ठेवलंय. बाळंत झाली की मूल आपलं. मुलगा झाला तर आणवून घेऊ."

"आणि मुलगी झाली तर?"

तो मणी ओढत राहिला.

"नाही पाठवली तर?"

"तर दाखिल तिकडंच राहील." त्यानं माझ्याकडं बघितलंही नाही. "कालव्यातून काय काय वाहत येतं ते तू बघतेसच."

तेव्हा मला समजलं. हे दोघं भांडत नव्हतेच. वर्षभर आम्ही एकमेकांच्या प्रेतांवर माती लोटत होतो, आणि हे दोघं डोमिनोच खेळत होते. फक्त सोंगट्या बदलल्या होत्या.

घरी आले तर नजात भट्टीपाशी. पुतण्याचं बोलणं तिनं ऐकलं होतंच. भट्टीच्या पोटात हात घालून ती भाकरी थापत होती, चेहरा धगीनं लाल झालेला.

"आत्या," तिनं विचारलं, "मी गेले तर ते सुटतील ना?"

"तू कुठं जायचं नाहीस."

"सुटतील ना, ते सांगा."

मी डोळे पुसले. तिनं भाकरी काढली, दुसरी थापली. "मग तुम्ही रडू नका. माझ्या बापाच्याच घरी चाललेय, नरकात नाही." थोड्या वेळानं म्हणाली, "त्यांना माझ्याकडून सांगा, बाबांची झाडं हुकली तरी चालतील." आणि मग तिला हुंदका आला, तिनं हात चटकन भट्टीतून बाहेर काढला. कोपरापर्यंत भाजला होता. मी त्यावर दही लावलं.

दुसऱ्या दुपारी पुलावर जत्रा भरावी तशी माणसं. या टोकाला मिजबिल, त्या टोकाला अबू सरमद, दोघांच्याही अंगावर इस्त्रीचे अंगरखे. मध्ये कॅप्टन, तरुण पोर, उन्हानं नाकाची सालं निघालेली. त्याचा दुभाष्या तोंडाला फडकं गुंडाळून, कुणी ओळखू नये म्हणून. शिपाई मुलांना फुटबॉल वाटत होते. दोन घरं गाद्या-पातेली घेऊन या बाजूनं त्या बाजूला गेली, दोन आली. त्यांच्यातली एक बाई कोंबडी काखेत घेऊन चालली होती आणि मागं वळून वळून आपल्या दाराकडं बघत होती. कॅप्टन प्रत्येकाला छातीवर हात ठेवून सलाम करत होता. कुणी तरी शिकवलं असेल.

मग दाखिलला सोडलं. तो पलीकडच्या टोकावरून निघाला, पण पाय टाकेना. घोट्यांवर, टाचांच्या कडांवर अंग तोलत येत होता. तळव्यांवर मारलं होतं. ज्या पायांवर माझं घर उभं, नेमके ते पाय. मारणारा गावचाच असणार, परक्याला एवढं कुठून सुचायचं?

नजात बोचकं घेऊन इकडून निघाली. पुलाच्या मधोमध दोघं समोरासमोर आले.

"अगं, तू कशाला आलीस? आईला पाठवायचं," तो म्हणाला. मग त्याला बोचकं दिसलं. "कुठं चाललीस?"

"बाबांकडं."

"आत्ता? असल्या अवस्थेत? का?"

तिच्यानं सांगवेना. पलीकडून अबू सरमदचा माणूस ओरडला, "चल, चल, थांबायचं नाही!" आणि अलीकडून मिजबिल ओरडला, "दाखिल, ये इकडं, बेटा!" बेटा म्हणाला मेला.

मला राहवेना. मी शिपायांनी बांधलेला दोर ओलांडून कॅप्टनसमोर गेले. "साहेब, ही माझी सून. हा हिचा नवरा. पोटात माझं नातवंड आहे. तुझ्या या दोन कुत्र्यांनी माझ्या पोराच्या जिवावर कॉफी प्यायली आणि माझं घर फाडून वाटून घेतलं. आणि तू इथं चेंडू वाटतोयस? तुझ्या आईला कुणी विचारलं होतं का, तू कुठल्या काठाचा म्हणून?"

दुभाष्यानं खाली बघत दोन शब्द सांगितले. दोनच. कॅप्टन हसला, छातीवर हात ठेवला आणि मला पाण्याची बाटली दिली.

बाटली मी कालव्यात फेकली. आणि मग आमच्यात बाईकडं जे शेवटचं असतं ते केलं. डोईचं काळं फडकं सोडलं आणि पुलावर, सगळ्या बाप्यांच्या मध्ये फेकलं. असं फडकं पडलं की बघ्यांनी ते उचलून बाईच्या डोक्यावर परत घालायचं, आणि तिचं गाऱ्हाणं आपलं म्हणून घ्यायचं. नाही घेतलं तर त्यांनी मिशा उतरवाव्यात. माझ्या आजीनं एकदा फेकलं होतं, तेव्हा दोन गावांची लढाई थांबली होती.

शनान पुढं सरकला तर मिजबिलच्या भावानं त्याची बाही धरली. खलफ पलीकडं उभा होता, त्याच्या छातीवर बंदूक आडवी. बाकीचे आपापल्या चपला बघत होते. दोन्ही काठांवर मिळून केवढे मिशांचे आकडे, आणि एक हात पुढं येईना!

तेव्हा कॅप्टन वाकला. त्यानं फडकं उचललं, धूळ झटकली, नीट घडी केली आणि मला परत द्यायला पुढं केलं. त्याला वाटलं, म्हातारीचं पडलं. वर परत हसला.

आणि तुम्हाला सांगते, बाप्यांच्या छातीवरून दगड उतरल्यासारखं झालं. उचललं ना कुणीतरी! सुटले बिचारे. मिजबिलनं तर मोठ्यानं "अल्लाची कृपा" म्हटलं.

मी ते घेतलं नाही. राहू दे म्हटलं त्याच्याच हातात, त्याला लागेल. नजातच्या खांद्यावरचं बोचकं मी माझ्या डोक्यावर घेतलं, दुसऱ्या हातानं दाखिलची बगल धरली. "चला रे."

"आई, कुठं?"

"मला काय माहीत? चला."

पांढरे केस मोकळे, असं मी आयुष्यात कुणा परक्यासमोर गेले नव्हते. आम्ही पलीकडच्या टोकाकडं चाललो. चौकीवर अबू सरमदची पोरं बंदुका घेऊन आडवी उभी होती. पण उघड्या डोक्याची म्हातारी समोर आली म्हटल्यावर त्यांना बघता येईना. एकानं मान वळवली, दुसऱ्यानं वळवली. अबू सरमद "अरे अडवा त्यांना!" म्हणून ओरडत होता, आणि तोही भिंतीकडं तोंड करून. माझ्या घराचे तुकडे करताना या लोकांना काही वाटलं नव्हतं, पण माझे केस बघायची मात्र लाज! बरं झालं. त्या लाजेतून आम्ही तिघं चालत गेलो, दाखिल घोट्यांवर, नजात पोट धरून.

खलफ त्याची गाढवाची गाडी घेऊन लेकीला न्यायला आलेला होताच. त्यानं काही विचारलं नाही. फक्त म्हणाला, "माझ्या घरी तुम्हाला ठेवू देणार नाहीत हे."

"तुझ्या घरी कोण चाललंय?" मी म्हटलं. "मोठ्या रस्त्याला लाव."

मागून, पुलाच्या त्या टोकावरून मिजबिलचा आवाज आला. "दाखिलच्या आई! डोकं झाक! टोळीची अब्रू घालवलीस!"

मी गाडीत उभी राहिले, दोन्ही काठांना ऐकू जाईल अशी ओरडले, "तू तोंड झाक, मिजबिल! आणि मोज आता! तीन माणसं कमी कर तुझ्या शांततेतून, आणि पोटातलं चौथं!"

नजातनं माझ्या झग्याची कड ओढून मला खाली बसवलं. दाखिलनं पाय तिच्या मांडीवर ठेवले आणि खलफनं गाढव हाकललं.